शेवटचा आल्याशिवाय चहा नाही

रविवार, 14 डिसेंबर 2025. रात्र.

पोटऱ्या अजून ठणकताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं. उद्यापासून दहावीची सराव परीक्षा, मग आठवडाभर या वहीला हात लागायचा नाही.

पहाटे साडेपाचला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर जमलो, सायकली घेऊन. अठरा जण. थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. आमच्या सायकल ग्रुपवर रात्रीच ठरलं होतं, यवतेश्वरचा घाट. पावसाळा संपता संपता कास पठारावर फुलं असतात तेव्हा रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, म्हणून ते दोन महिने आम्ही तिकडे फिरकत नाही. आता रस्ता पुन्हा आमचा झालाय.

आज शेपूट मी. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी मागे पडला तर त्याच्यासोबत थांबायचं, पंक्चर निघालं तर काढून द्यायचं. बाहेर याला स्वीप म्हणतात, आमच्याकडे शेपूट. ग्रुपमधल्या काकांनी हे काम अकरा वर्षं केलं. दिवाळीच्या आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ती निळी पिशवी माझ्या हातात दिली. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, काचपेपर, लिव्हर, पंप, चेनची जोडकडी, बँडेज, ग्लुकोज बिस्किटं. पिशवीला त्यांच्या हाताचा, ग्रीसचा वास आहे अजून. मी ती धुतलेली नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये मी पहिल्यांदा या घाटात आले तेव्हा हेच काका माझ्या मागे होते. लॉकडाऊनच्या त्या वर्षी सगळ्यांनाच सायकल हवी होती, दुकानदाराने मला दोन महिने थांबवलं होतं. तोपर्यंत माझी सायकल म्हणजे लहानपणी तासावर भाड्याने आणून, नळीखालून पाय घालून शिकलेली. पहिल्याच मोठ्या वळणावर माझा श्वास घशात अडकला. उतरले. रडायलाच आलं. काका शेजारी येऊन सायकल टेकवून उभे राहिले, खाली शहराचे दिवे बघत. म्हणाले, "दमा जरा. मी आहे." पुढचा सगळा घाट त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. वर पोचले तर टपरीवर सगळे थांबलेले, एकाच्याही हातात कप नाही. शेवटचा आल्याशिवाय चहा नाही, हा आमच्याकडचा नियम. मला त्या दिवशी तो माहीत नव्हता. कप हातात आला तेव्हा कळलं की एवढी माणसं थंडीत माझ्यासाठी ताटकळली होती.

आज नवीन आले ते मास्तर. एसटीत कंडक्टर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. सायकल कोणती, तर चोवीस इंची फ्रेमची काळी, सळईच्या ब्रेकची, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमोचा दिवा. पुसून लख्ख केलेली. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. कुणीतरी आपलं जादा हेल्मेट दिलं, ते त्यांनी माकडटोपी काढून व्यवस्थित बांधून घेतलं. कॉलेजला असताना गावाहून रोज याच सायकलीवर बारा किलोमीटर यायचे म्हणाले. सपाटीवर त्यांचा पाय सुरेख चालतो, माझ्यापेक्षा सरस. समर्थ मंदिराच्या पुढे चढ लागला आणि हळूहळू आम्ही दोघंच मागे उरलो.

"बाई, तुम्ही जावा पुढं. मी येतो निवांत."

"मी शेपूट आहे मास्तर. मला पुढं जायला परवानगी नाही."

मग ते उतरले आणि सायकल ढकलू लागले. मीही उतरले. एक हात सीटवर, एक हँडलवर, असे आम्ही दोघं अंधारात चालतोय, टॉर्चचा गोल पुढे पुढे सरकतोय. दम घ्यायला कठड्यापाशी थांबलो तेव्हा मी टॉर्च लावून त्यांच्या सायकलीच्या चेनचक्रांचे दात मोजले. गणिताची बाई, सवय जात नाही. पुढे 44, मागे 18. म्हणजे पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. माझ्या सायकलीचा सगळ्यात हलका गिअर पुढे 34, मागे 34. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. म्हणजे त्याच चढाला माझ्या एका फेऱ्याला जेवढा जोर लागतो, त्याच्या अडीचपट त्यांना लावायचा. वर त्यांची सायकल माझ्या सायकलीपेक्षा सात-आठ किलोंनी जड. ज्या माणसाला आम्ही 'मागे पडलेला' म्हणणार, तो खरं तर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ओझं घाटावर चढवत होता. हे परीक्षेनंतर वर्गात सांगणार आहे, गुणोत्तराला याहून चांगलं उदाहरण नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्यांचं मागचं चाक बसलं. मी पिशवी उघडली आणि चेहराच पडला. दोन्ही ट्यूब आमच्या बारीक चाकांच्या. त्यांच्या चाकाला एकही चालणारी नाही. मास्तर म्हणाले, "पंक्चर नसंल, वॉलट्यूब गेली असंल." खाली बसले, व्हॉल्व्हची चकती फिरवून खिळा बाहेर काढला, टॉर्चसमोर धरला. त्यावरची रबराची नळी, तीच वॉलट्यूब, चिरून गेलेली. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली, त्यात वीतभर नवी वॉलट्यूब. दातांनी तुकडा तोडला, थुंकीनं ओला केला आणि दोन बोटांत धरून, पिळत पिळत खिळ्यावर चढवला. बोटं थंडीनं बधिर झालेली, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. माझ्या पंपाचं तोंड त्यांच्या व्हॉल्व्हला बसेल का याची धाकधूक होती, पण बसलं. तीस वर्षांपूर्वी प्रत्येक घरात हे काम येणारं कुणीतरी असायचं. आमच्या ग्रुपमध्ये आज ते फक्त त्यांना येत होतं.

वर पोचायला सव्वा तास लागला. उजाडलं होतं. एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडी धरणाचं, दोन्हीवर धुकं. मास्तर बराच वेळ बघत राहिले. या रस्त्यानं एसटीतून कितीदा तरी गेलो, म्हणाले, पण तिकिटं फाडताना बाहेर कोण बघतंय.

टपरीवर काका स्कूटरवरून आले होते. बाकीचे होते, पण दोघं नव्हते. चहा घेऊन खाली गेले होते.

हे मला लागलं. मास्तरांना कळलं नाही, त्यांना नियमच माहीत नाही. पण मला माहीत आहे, आणि काकांनाही. काका काही बोलले नाहीत, टपरीवाल्याला फक्त "आता टाक" म्हणाले.

त्या दोघांची बाजू मला समजत नाही असं नाही. गेले महिनाभर ग्रुपवर चाललंय, दोन बॅच करू, जोरात जाणाऱ्यांची वेगळी. आमच्यातला तेवीस वर्षांचा एक मुलगा जानेवारीत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेचं बंधन असलेली लांब पल्ल्याची सायकल राइड, करणार आहे. साडेतेरा तासांत पुरी करायची, म्हणजे खाण्यापिण्याचे, पंक्चरचे सगळे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास सरासरी. त्याला सराव हवाच. तो आज थांबला होता, हेही लिहून ठेवते. कुडकुडत होता, पण थांबला होता. मी त्याला म्हटलं, बुधवारी पहाटे तुम्ही वेगाचं काय ते करा, मीही येईन, मागे पडले तर माझी वाट बघू नका. पण रविवार फोडू नका. बीआरएममध्येही पहिला-दुसरा नंबर नसतो ना? वेळेत आला तो आला, सगळे सारखे. तो हो म्हणाला. मग म्हणाला, "पण मॅडम, सगळ्यांना दरवेळी एवढा वेळ थांबायला जमणार नाही." खरं आहे. कुणाचं दुकान उघडायचं असतं, कुणाचं बाळ घरी असतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. ज्याला खरंच जायचं आहे त्यानं शेपटाला फोन करून जावं, एवढं तरी व्हावं असं वाटतं. न सांगता रिकामा कप ठेवून निघून जाणं, ते मला सोसत नाही.

उतरायच्या आधी मी मास्तरांचे ब्रेक बघितले. सळई वर ओढली की रबर रिमला आतून दाबतं, अशी ती जुनी रचना. रबरं झिजून धातूला टेकायला आलेली. मी कसं सांगावं या विचारात होते, तर तेच म्हणाले, "आमचे ड्रायव्हर सांगायचे, गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची. मी चालत चढलो, चालतच उतरतो."

मग आम्ही चालत उतरलो. मी, मास्तर आणि तो बीआरएमवाला मुलगा. त्यानं वाटेत मास्तरांना कितीतरी विचारलं, पावसाळ्यात घाटात गाडी बंद पडली की काय करायचात, मुक्कामाच्या गाडीत जेवायचं काय. सव्वानऊ वाजले घरी यायला. स्वयंपाक ह्यांनी केला होता.

संध्याकाळी मास्तरांचा फोन. ब्रेकची रबरं नवी घातली, दुकानदारानं सळईला तेलही दिलं. पुढच्या रविवारी कुठं? मी सांगितलं, सपाटीला जाऊ, लिंबला बारा मोटेची विहीर बघायला. ते म्हणाले, मग तुम्हाला दाखवतो माझा स्पीड.

उद्या शाळेतून येताना आणायचं : 28 × दीडची एक ट्यूब. वॉलट्यूब, हातभर. मास्तरांकडून ती चढवायला शिकायची.