तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवर झळकणाऱ्या मंत्र्याचं पद जात कसं नाही?

नाही जात. किती वेळा सांगायचं? घटनेची कलमं 102 आणि 191 सरकारच्या हाताखालच्या लाभाच्या पदाबद्दल, म्हणजे सरकारकडून कमाई मिळणाऱ्या पदाबद्दल आहेत; खाजगी वाहिनीवरची खुर्ची त्यात येत नाही. गैरहजेरीचं म्हणाल, तर परवानगीशिवाय 60 दिवस सभागृहाच्या सगळ्या बैठकांना दांडी मारावी लागते, आणि सलग चार दिवसांहून लांबलेली तहकुबी त्यात धरत नाहीत. मधे एकदा हजेरी लावली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंचं नाव तुम्हीच काढता, तर तेच घेऊ. मार्च 2017. अमृतसर पूर्वचे आमदार सिद्धू पंजाबात मंत्री झाले. स्थानिक स्वराज्य संस्था आणि सांस्कृतिक व्यवहार ही खाती त्यांच्याकडे. कपिल शर्माचा कार्यक्रम सोडणार नाही, दिवसा खातं आणि रात्री मुंबईत चित्रीकरण करीन, म्हणाले. मुख्यमंत्री अमरिंदर सिंगांनी महाधिवक्त्यांचं, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाचं, मत मागवलं. अडचण निघाली तर सांस्कृतिक खातं काढून घ्यायची तयारी होती. महाधिवक्ता अतुल नंदांनी कळवलं, कायद्याची आडकाठी नाही, खातंही बदलायला नको. मंत्री होण्याआधी धंद्याशी संबंध तोडावा, असं सांगणारी गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे. पण ती कायदा नव्हे, आणि राज्यातल्या मंत्र्यांकडून ती पाळून घ्यायची मुख्यमंत्र्यांनी. म्हणजे ज्याला सरकार टिकवायचंय, त्यानेच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, औचित्यावर बोलणं झालं, सिद्धू मंत्रिपदावर राहिले. फेब्रुवारी 2019 मध्ये कार्यक्रमात त्यांच्या जागी अर्चना पूरणसिंग आल्या, त्या पुलवामानंतरच्या सिद्धूंच्या वक्तव्यावर लोक भडकले म्हणून. नियमाने काहीच केलं नव्हतं.

पूर्वी मी इथेच थांबायचे: कायद्यात बसतं, विषय संपला. वकील आमदार-खासदारांना कोर्टात उभं राहायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलीच, मग निवेदकालाच का अडवायचं? हा मुद्दा अजूनही मला पटतो. पण वकील दर आठवड्याला मतदाराच्या घरात हसत येऊन बसत नाही, हेही खरं.

बंदी नको, हिशेब हवा. ब्रिटनमध्ये खासदाराला बाहेरच्या कामाचे पैसे आणि तास 28 दिवसांत नोंदवावे लागतात. आपल्याकडे राज्यसभेत नियम 293 खाली हितसंबंधांची नोंदवही आहे, तास मात्र तिथेही विचारत नाहीत. बाकी उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म 26: गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, तेही पुढची निवडणूक लढवली तरच.