केप अडेअर : पहिल्या निवाऱ्याची नोंद

अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर माणसाने बांधलेले पहिले निवारे केप अडेअर येथे आहेत. कार्स्टन बोर्कग्रेविंक यांच्या मोहिमेने १८९९ मध्ये नॉर्वेहून आणलेले लाकडी भाग जोडून ते उभारले आणि पुढे १९११ मध्ये ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतील एक तुकडीही याच ठिकाणी राहिली. भोवती अडेली पेंग्विनांची प्रचंड वसाहत असल्याने त्यांची विष्ठा, ओल आणि बुरशी यांनी आतल्या वस्तूंना ग्रासले होते. न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने २०१६ मध्ये सुमारे १,५०० वस्तू जतनासाठी बाहेर काढल्या.

अशाच मळलेल्या, बुरशी चढलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात संवर्धकांना एका छोट्या मृत पक्ष्याचे जलरंगातील चित्र सापडले. त्यावर १८९९ हे साल होते, रंग मात्र आश्चर्यकारकरीत्या ताजे होते. ते स्कॉट यांच्या मोहिमेतील डॉक्टर व चित्रकार एडवर्ड विल्सन यांचे असल्याचे हस्ताक्षर आणि शैली यांवरून ओळखता आले. हेच विल्सन १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट यांच्यासोबत मरण पावले. निरुपयोगी दिसणारा कागदही चिकाटीने तपासून नोंदवणे मला म्हणूनच अत्यावश्यक वाटते. आणि जतनानंतर वस्तू मूळ जागी परत ठेवण्याचे ट्रस्टचे धोरण तर मला संग्रहालयातील मांडणीपेक्षाही अधिक मोलाचे वाटते.