धुपदाळच्या गाळावरून

जानेवारी, रविवार रात्र

संक्रांतीच्या आसपास देशभर पाणपक्ष्यांची जी गणना होते (आशियाई पाणपक्षी गणना या नावाने ती 1987 पासून चालू आहे), तिच्यासाठी आज मित्राबरोबर घटप्रभा पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. काठावरून दुर्बीण लावून मोजणी पूर्वीही केली होती. या वेळी मात्र वन खात्याची रीतसर परवानगी काढून, हवा भरायची दोघांची कयाक पाण्यात उतरवली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 नुसार अभयारण्यात जायला परवाना लागतो. त्या कागदासाठी घातलेल्या हेलपाट्यांबद्दल मात्र इथे लिहीत नाही.

1974 साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 30 चौरस किलोमीटरचे आहे. त्याचा जीव आहे तो ब्रिटिश अमदानीत घटप्रभेवर धुपदाळला बांधलेल्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात. बेळगावकडच्या लोकांना गोकाकचा धबधबा ठाऊक असतो. पण त्याच नदीवर धबधब्याच्या थोडे वरच्या अंगाला पाणी असे पसरून पडले आहे, याची दखल फारच थोडे लोक घेतात.

काठावरून पाहताना ते सारे पाणीच वाटते. कयाकमध्ये बसल्यावर, म्हणजे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर आल्यावर, हा समज काही मिनिटांत गळून पडला. वल्ह्याचे पाते नेहमीच्या खोलीवर घातले की ते तळाच्या गाळात रुते आणि वर येताना कढईला चिकटलेल्या कुंद्यासारखा (आमच्याकडची दुधाची मिठाई) काळपट चिखल घेऊन येई. तेव्हा वल्हे उभे न धरता आडवे धरायचे, पाते अर्धेच बुडवायचे आणि दंडाचा जोर न लावता कमरेतून वळून लहान लहान फटके मारायचे, अशी चाल आम्ही धरली. खाली उतरून नाव ढकलण्याचा विचारही करता येत नव्हता, कारण असल्या गाळात माणूस गुडघ्यापर्यंत जातो आणि पाय उपसताना तोल जातो. जाळी पसरून परतणारा एक म्हातारा कोळी आपल्या टोपलीसारख्या गोल नावेतून आमची कसरत पाहत होता. त्या अण्णांनी कन्नडमध्ये एवढेच सांगितले, की पाणकणसाला डावीकडे ठेवून चला, जुन्या नदीची धार तिकडून जाते. तसे केल्यावर वल्हे पहिल्यांदाच मोकळे फिरले.

त्या धारेतून जाताना फुगवट्याची रचना हळूहळू उमगत गेली. बंधाऱ्याने वेग अडवला की नदी आधी जाड वाळू टाकते, आणि बारीक माती संथ पाण्यात पुढेपर्यंत जाऊन बसते. शंभराहून अधिक पावसाळे हेच चालले आहे. वरच्या बाजूला 51 टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) हिडकल धरण झाल्यापासून सह्याद्रीतून येणारी बरीचशी माती तिथे अडत असणार, पण आंबोलीजवळ उगम पावून गडहिंग्लज, संकेश्वर करत येणारी हिरण्यकेशी आपला वाटा अजून आणतेच. या मातीवर आधी पाणवनस्पती, मग पाणकणीस आणि कडेला बेशरमीची झुडपे उगवली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी साठवण बुडाली, तीच पक्ष्यांच्या खात्यात जमा झाली.

पक्षीही खोलीनुसार वाटले गेले होते. धारेच्या खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारत होते, आणि त्यांच्या वर नदीसुरय खाली मान घालून फिरत होते. पाय बुडतील एवढ्या उथळीत शेकाटे चालत होते. मुग्धबलाक गोगलगायी शोधत चिखल चाचपत होते, तर कमळपक्षी आपली लांबलचक बोटे पसरून तरंगत्या पानांवरून निर्धास्त फिरत होते. जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसाचे कोवळे कोंब मुळाशी मोडून, एका पायात धरून खात होत्या. मध्य आशियातून हिवाळ्याला येणारे कांड्या करकोचे दूर एका उघड्या पडलेल्या गाळपट्टीवर रांगेने उभे होते. दिवसाचा काही वेळ ते भोवतालच्या शिवारात दाणे टिपतात आणि विसाव्याला अशी सगळीकडून पाण्याने वेढलेली जागा पसंत करतात, कारण कुत्रा किंवा कोल्हा आला तर तो पाणी उडवत येतो आणि आधीच कळतो.

आम्ही त्या पट्टीकडे गेलो नाही. कयाकला इंजिन नसते, म्हणून ती पक्ष्यांना निरुपद्रवी असते, हे बोलणे मला आता पटत नाही. इंजिनाची नाव खोल पाणी सोडत नाही. कयाक मात्र वीतभर पाण्यातही शिरते, म्हणजे पक्षी जिथे माघार घेतात नेमक्या तिथेच पोहोचते. वारकरी पक्ष्यांचा थवा तर आवाजाला नव्हे, ओल्या पात्यावर चमकलेल्या उन्हाला बिचकून पाण्यावरून धावत सुटला. त्यानंतर माना वर होताना दिसल्या की आम्ही वल्हे मांडीवर आडवे ठेवत होतो आणि नाव वाऱ्यावर सोडून तिथूनच मोजत होतो. पर्यटनासाठी इथे कयाका सोडाव्यात असे कोणी सुचवलेच, तर निदान नोव्हेंबर ते मार्च त्या सोडू नयेत, असे मी म्हणेन.

परतताना काठावर दोन शेतकरी भेटले. बंधाऱ्यातला गाळ काढला तर कालव्याला पाणी जास्त दिवस पुरेल आणि ती माती रानात टाकता येईल, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. उसाच्या पट्ट्यात पाण्याची ओढ काय असते ते मी घरातच पाहिले आहे. पण सगळीकडे सारखे खोदले, तर उथळ कडा जाऊन सरळ काठाचे तळे उरेल आणि त्यात पाणकावळे सोडून फारसे कोणी राहणार नाही. कालव्याच्या तोंडाशी आणि जुन्या धारेत खोदावे, वरच्या अंगाची उथळ पट्टी तशीच ठेवावी, हे मला व्यवहार्य वाटते.

गणनेच्या तक्त्यात शेऱ्यासाठी एक रिकामा रकाना असतो. संख्या भरून झाल्यावर त्यात मी प्रत्येक थव्यापुढे पाण्याची खोली वल्ह्याच्या मापाने नोंदवली, आणि गाळपट्टीचा ढोबळ नकाशा काढून सोबत जोडला.