आपल्याच दुकानात माल शोधायला अ‍ॅप कशाला?

मार्टमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना वस्तू पटकन सापडावी म्हणून मी मोबाइल अ‍ॅप डिझाइन करते, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "रोज तिथेच काम करणाऱ्याला माल कुठे ठेवलाय ते माहीत नाही? आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला तर दिवे गेले तरी हिंगाची डबी सापडते." तुम्हीही हेच विचारलंत. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

वाण्याला सापडतं, कारण माल त्यानेच मागवलेला असतो, त्यानेच लावलेला असतो आणि वर्षानुवर्षं डबे त्याच फळीवर असतात. गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर, माल आत. अमेरिकेतही पूर्वी किराणा असाच मिळायचा. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्याला थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिलं. आजची मार्ट त्याच रीतीने चालतात. या रीतीत सगळा माल ज्याला तोंडपाठ आहे असा एक माणूस उरत नाही. मागणी ऑफिसातून जाते. सकाळी गाडी उतरते, माल कुणीतरी लावतं. साबण-शाम्पूच्या रॅकवर कंपनीचा माणूस येऊन आपल्या मालाची जागा बदलून जातो. बिलिंगवाल्या मुलीला दिवसभर मशीन सोडता येत नाही. आणि गिऱ्हाईक ज्याला गाठतं तो असतो कालपर्यंत प्लास्टिकच्या विभागात असलेला, नुकताच कामाला लागलेला मुलगा.

तो म्हणतो, "संपलंय."

जिल्ह्याच्या गावांतल्या मार्टमध्ये हा शब्द मी इतका ऐकला, की माझं काम तिथूनच सुरू झालं. बरेचदा माल संपलेला नसतो. पण वडिलांच्या वयाचा माणूस समोर उभा असताना "मला माहीत नाही" म्हणणं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला फार जड जातं. तो एक चक्कर मारतो, सुपरवायझर दिसला तर विचारतो, नाही दिसला तर "संपलंय" म्हणून सुटका करून घेतो. दुकानाचं नुकसान होतं ते होतंच. मला त्या मुलाचं अवघडलेपण जास्त लागतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला आपल्याच जागी परकं वाटू नये.

प्रत्येक दुकानात एक तरी जाणतं माणूस असतंच. भुसार विभागात डाळींची पाकिटं भरणाऱ्या मावशी असतील, नाहीतर गोडाऊन सांभाळणारे काका. सगळे त्यांनाच विचारतात आणि ते सुट्टीवर गेले की सगळ्यांचं अडतं. त्यांना जे ठाऊक आहे ते त्यांच्या गैरहजेरीतही मिळावं, अ‍ॅपकडून माझी अपेक्षा इतकीच. म्हणून स्क्रीन काढायच्या आधी मी मावशींच्या शेजारी उभी राहून गिऱ्हाईक काय शब्दांत विचारतं आणि त्या काय शब्दांत उत्तर देतात, ते टिपत राहिले.

खरी गंमत या शब्दांत आहे. एक बाई उपासाला वरईचे तांदूळ मागतात, दुसऱ्या भगर मागतात, उत्तरेकडून आलेलं कुटुंब सामा म्हणतं; पाकीट एकच. चिवड्याला लागतं ते कुणी डाळं म्हणून मागतं, कुणी पंढरपुरी डाळ म्हणून. आमसुलं, कोकम, सोलं. जवस, अळशी. मावशींना यातलं काहीच वेगळं शिकवावं लागत नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरला मात्र एकच नाव माहीत असतं, तेही पावतीच्या रुंदीत बसावं म्हणून तोडलेलं, स्वर गाळलेलं, कधी नुसत्या इंग्रजी आद्याक्षरांचं. ती यादी जशीच्या तशी अ‍ॅपमध्ये टाकली तर काही उपयोग नाही. मुलगा 'भगर' लिहील, यादीत दुसरंच काही असेल आणि अ‍ॅप सांगेल, माल नाही. म्हणजे "संपलंय" हेच यंत्राकडून वदवून घेतल्यासारखं.

म्हणून आम्ही प्रत्येक मालाला टोपणनावं जोडली आणि ती जोडायचं काम ऑफिसातल्या माणसाकडे न देता दुकानातल्या मुलामुलींकडे दिलं. एखादा शब्द टाकून काही सापडलं नाही आणि थोड्याच वेळात त्याच फोनवरून दुसऱ्या शब्दाने सापडलं, तर अ‍ॅप विचारतं, "हेच हवं होतं का?" हो म्हटलं की सुपरवायझरच्या होकारानंतर तो शब्द कायमचा त्या मालाला चिकटतो.

काही शब्दांना मात्र उलटा त्रास असतो. "सोडा द्या." खाण्याचा, धुण्याचा की पिण्याचा? तीन वेगवेगळ्या लाईनी. "पावडर द्या" म्हटल्यावर कपड्याची, तोंडाची आणि दुधाची. तिथे अ‍ॅपने हुशारी करून एकच उत्तर देऊ नये. तिन्ही पाकिटांचे मोठे फोटो दाखवावेत, मुलाने स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवावी, गिऱ्हाइकाने बोट ठेवावं. एका क्षणात प्रश्न मिटतो.

स्पेलिंगचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण मला फार प्रिय आहे. बहुतेक मुलं मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात आणि जिरं एकेकाच्या हातून एकेक प्रकारे उतरतं. एका शब्दातून दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात हे मोजण्याची रीत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. चुकीच्या स्पेलिंगवरून बरोबर शब्द ओळखायला ती आजही वापरतात. पण रोमनमध्ये तीळ आणि तेल यांच्यात एकाच अक्षराचा फरक! आंधळेपणाने ती रीत लावली तर संक्रांतीच्या आठवड्यात तीळ मागणाऱ्याला गोडेतेलाच्या डब्यांसमोर उभं करू. त्यामुळे आधी टोपणनावांत शोधायचं, तिथे काहीच हाती लागलं नाही तरच अक्षरांचा अंदाज बांधायचा, असा क्रम ठेवला.

"अ‍ॅपमध्ये नकाशा का नाही?" असंही विचारतात. छपराखाली जीपीएसचा भरवसा नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंतच अचूक असतं, आणि तेवढ्यात मार्टच्या दोन-तीन लाईनी येतात. भिंतीवर ब्लूटूथची छोटी यंत्रं लावून हे साधता येतं, पण मुळात मुलाला आपण कुठे उभे आहोत ते माहीतच असतं. नकाशा पाहून तो मनात फिरवण्यात वेळ जातो. मावशी कसं सांगतात? "चौथ्या लाईनीत, गुळाच्या शेजारी, खालच्या कप्प्यात." आमचं उत्तरही तसंच आहे: लाईन, बाजू, कप्पा, शेजारी काय आहे आणि त्या कप्प्याचा एक फोटो. शेजाराचा हा तपशील काढून टाकावा, स्क्रीन मोकळी दिसेल, असं मला सुचवलं गेलं होतं. मी तो काढला नाही. दुकानातली माणसं जागा शेजारावरून लक्षात ठेवतात.

हाताबद्दल थोडक्यात. एका हातात खोका असतो, बोटांना बेसन लागलेलं असतं. म्हणून सगळी बटणं अंगठा पोचेल अशी खालच्या बाजूला, आणि अँड्रॉइडच्या नियमावलीत सांगितलेल्या किमान मापापेक्षा, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरपेक्षा, मोठीच. तळघरातल्या गोडाऊनमध्ये नेटवर्क नसतं. काही हजार वस्तूंची नावं आणि जागा जेमतेम काही एमबीत मावतात, त्यामुळे ती यादी फोनमध्येच ठेवली.

आता सर्वांत अवघड गोष्ट. कॉम्प्युटर सांगतो सहा पाकिटं शिल्लक आहेत, फळीवर एकही नाही. हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अमेरिकन दुकान-साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या, तेव्हा ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. कारणं अगदी साधी असतात. गिऱ्हाइकाने चार वेगवेगळ्या स्वादांची बिस्किटं आणली आणि किंमत सारखीच म्हणून घाईत एकच पुडा चारदा स्कॅन झाला, की चारही नोंदी बिघडल्या. खोका गोडाऊनमध्ये दुसऱ्या खोक्यामागे राहिला. पिशवी फुटली आणि कुणी लिहिलं नाही. कुणी उचललेलं लोणचं नंतर नको वाटून टूथपेस्टच्या रॅकवर ठेवून दिलं.

अशा वेळी अ‍ॅपने छातीठोकपणे "सहा शिल्लक" म्हणणं म्हणजे त्या मुलाला गिऱ्हाइकासमोर खोटं पाडणं. म्हणून उत्तराखाली लिहिलेलं असतं, ही जागा शेवटी कुठल्या दिवशी पाहिली गेली. आणि त्याच्या शेजारी एक मोठं बटण: "इथे नाही." ते दाबलं की गोडाऊनमधल्या माणसाच्या फोनवर निरोप जातो. तिथे माल मिळाला तर तो "आणतोय" म्हणतो, नाही मिळाला तर नोंद तपासणीच्या यादीत जाते. माझ्या मते अख्ख्या अ‍ॅपमध्ये हे बटण सर्वांत महत्त्वाचं आहे. शोधणाऱ्यालाच चूक दुरुस्त करता आली नाही, तर महिन्याभरात यादी शिळी होते आणि अ‍ॅप उघडायचं कुणी नाव काढत नाही.

बारकोडचाही उपयोग आहे, पण लोक समजतात तसा नाही. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं, तेव्हापासून आजपर्यंत बारकोड सांगतो तो वस्तू कोणती ते. कुठे ठेवायची हे त्यात नसतं. संध्याकाळी बिलिंगपाशी टोपल्या भरून परतीचा माल साचतो, गिऱ्हाइकांनी ऐनवेळी नको म्हटलेला. तो जागच्या जागी लावणं हे नव्या मुलांचं काम, आणि त्यांना ते नकोसं वाटायचं. आता पाकीट स्कॅन केलं की जागा दिसते. दुकानातच वजन करून पाकिटं भरतात त्यांच्या लेबलचा नंबर सहसा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा किंमत दडलेली असते, त्यामुळे त्यातला मालाचा भाग वेगळा काढून वाचावा लागतो. आठवडाभर परतीचा माल लावला की मुलाला निम्मं दुकान पाठ होतं. मग तो अ‍ॅप कमी उघडतो, आणि मला त्याचा आनंदच होतो.

एका व्यवस्थापनाने मागणी केली होती की कोण कितीदा शोधतं याचा नावानिशी अहवाल द्या, म्हणजे कुणाला माल माहीत नाही ते कळेल. मी ठाम नकार दिला आणि आजही देईन. जास्त वेळा शोधणारा मुलगा हा गिऱ्हाइकांना जास्त मदत करणारा असतो, किंवा नवा असतो. त्याच्यावर बोट ठेवलं तर तो शोधणं बंद करेल आणि पुन्हा "संपलंय" सुरू होईल. अहवालात आम्ही एवढंच देतो की कुठला माल सारखा शोधावा लागतो. त्यावरून मालकांना कळतं की मांडणीत काय चुकतंय. शोध मुलांचा, सुधारायची फळी.

सध्या बोलून विचारायच्या सोयीवर काम चाललंय. वॉलमार्टने २०२० मध्ये अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत कर्मचाऱ्यांसाठी 'आस्क सॅम' नावाचा असा बोलका मदतनीस आणला. आपल्याकडे अडचण वेगळी आहे: स्पीकरवर ऑफर ओरडत असतात, आणि मुलांना गिऱ्हाइकाच्या देखत फोनशी बोलायला संकोच वाटतो. म्हणून मी उलट करून पाहते आहे. मुलाने फोन पुढे धरायचा आणि गिऱ्हाइकानेच बोलायचं, आपल्या शब्दांत, आपल्या गावच्या उच्चारात. चाचणी श्रावणात घ्यायची ठरवलीय. तेव्हा साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सैंधव असं सगळं एकदम विचारलं जातं, आणि उपासाचा माल नेहमीच्या लाईनीतून उचलून दारापाशी मांडलेला असल्यामुळे एकेका वस्तूच्या दोन-दोन जागा असतात. दोन्ही जागा दाखवायच्या, पण दाराजवळची आधी, एवढं नक्की झालंय.