आडनावाचे स्पेलिंग

अमेरिकेतील अलास्काला छोटे राज्य म्हणावे तर नकाशा हसेल. आपल्या महाराष्ट्राएवढी पाच राज्ये तिथे शेजारी-शेजारी मांडली तरी जागा शिल्लक राहते. माणसांच्या हिशेबाने मात्र ते छोटेच आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ७,१०,२३१ भरली, म्हणजे आज आपल्या एका सरासरी लोकसभा मतदारसंघात जेवढे मतदार असतात त्यांच्या निम्मीही नाही. तरीही सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अलास्काला कॅलिफोर्नियाइतक्याच, म्हणजे दोन जागा आहेत. त्यांपैकी एका जागेसाठी २०१० साली विद्यमान सिनेटर लिसा मर्काउस्की यांनी पुन्हा निवडून येण्यासाठी जी निवडणूक लढवली, तिची कागदपत्रे आणि त्या वेळच्या बातम्या मी अनेकदा वाचल्या आहेत, आणि दर वेळी माझे लक्ष एकाच गोष्टीपाशी अडकते, ती म्हणजे त्यांचे आडनाव.

त्या आडनावावरच त्यांची कारकीर्द उभी होती. वडील फ्रँक मर्काउस्की १९८१ पासून सिनेटर होते. २००२ मध्ये ते राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली. ती भरण्याचा अधिकार गव्हर्नरांचा, म्हणजे त्यांचाच होता. त्यांनी ती आपल्या मुलीला दिली. लिसा तेव्हा राज्याच्या विधिमंडळात सदस्य होत्या, त्यामुळे त्या अगदीच नवख्या नव्हत्या, परंतु घराणेशाहीचे इतके उघड उदाहरण आपल्याकडेही शोधावे लागेल. लोक चिडले. २००४ मध्ये त्यांनी जनमताने गव्हर्नरांचा हा अधिकार जवळजवळ संपवला, आणि गंमत अशी की त्याच दिवशी लिसा यांना जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने निवडूनही दिले. वडिलांचा हिशेब मात्र २००६ मध्ये चुकता झाला. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, सेरा पेलिन यांनी त्यांना धूळ चारली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

चार वर्षांनी पेलिन यांनी मुलीच्याही विरोधात वजन टाकले. फेअरबँक्सचे वकील जो मिलर हे टी पार्टीचे, म्हणजे सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या चळवळीचे, उमेदवार म्हणून रिपब्लिकन प्रायमरीत उतरले. मर्काउस्की यांच्याकडे पैसा होता, नाव होते, आणि बहुधा त्यामुळेच थोडा निष्काळजीपणाही आला होता. त्याच मतपत्रिकेवर अल्पवयीन मुलींच्या गर्भपाताबाबत पालकांना कळवण्याचा प्रस्ताव असल्याने कट्टर मतदार हिरिरीने बाहेर पडले. २४ ऑगस्टच्या त्या प्रायमरीत विद्यमान सिनेटर २,००६ मतांनी हरल्या आणि आठवड्याभरात त्यांनी पराभव मान्य केला.

इथे प्रकरण संपायला हवे होते. परंतु अलास्कातील निम्म्याहून अधिक नोंदणीकृत मतदार कोणत्याही पक्षाचे नाहीत, आणि एका पक्षाच्या प्रायमरीतील काही हजार मतांनी साऱ्या राज्याचा निर्णय लावून टाकला, ही गोष्ट अनेकांना खटकत होती. १७ सप्टेंबरला मर्काउस्की यांनी ‘राइट-इन’ उमेदवार म्हणून उभे राहण्याची घोषणा केली. याचा अर्थ असा की मतपत्रिकेवर त्यांचे नाव छापलेले नसणार. मतदाराने रिकाम्या ओळीवर ते स्वतःच्या हाताने लिहायचे आणि शेजारचा लंबगोल भरायचा. या मार्गाने सिनेटची निवडणूक जिंकल्याचे ठळक उदाहरण होते ते साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थर्मंड यांचे, १९५४ सालचे. पक्षाने पाठ फिरवली आणि मर्काउस्की यांना सिनेटमधील पक्षनेतृत्वातले पद सोडावे लागले. ऊर्जा समितीवरचे स्थान मात्र सहकाऱ्यांनी काढून घेतले नाही. बाई पुन्हा निवडून आल्याच तर काय, एवढा धूर्तपणा त्यांच्यापाशी होता.

भारतीय वाचकाला ही पद्धत विचित्र वाटते. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निशाणी आली ती मतदाराला वाचावेच लागू नये म्हणून, मग लिहिणे तर दूरच. नावातील सारखेपणा आपल्याला किती महागात पडतो हे रायगडकरांना सांगायला नको. २०१४ मध्ये तिथे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांहून अधिक मते नेली. अलास्कात याचीच निराळी आवृत्ती घडली. मतदान केंद्रांवर राइट-इन उमेदवारांची यादी ठेवण्यास न्यायालयाने परवानगी देताच, रेडिओवरील एका मर्काउस्कीविरोधी निवेदकाने श्रोत्यांना स्वतःच उमेदवार म्हणून नोंदणी करण्याचे आवाहन केले, आणि मर्काउस्की यांचे नाव गर्दीत हरवावे म्हणून यादीत शंभराहून अधिक नावांची भर पडली.

प्रचाराचे रूपांतर मग अक्षरशः शुद्धलेखनाच्या वर्गात झाले. एम, यू, आर, के, ओ, डब्ल्यू, एस, के, आय. ही नऊ अक्षरे जाहिरातींतून घोकून घेतली गेली आणि नाव छापलेले रबरी मनगटपट्टे वाटले गेले. ऑगस्टमध्ये विमान अपघातात मरण पावलेले, अलास्कावासीयांचे ‘अंकल टेड’ म्हणजे माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी मृत्यूपूर्वी मर्काउस्की यांच्यासाठी केलेले चित्रण कुटुंबाच्या संमतीने ऑक्टोबरमध्ये दाखवण्यात आले. मिलर यांनीही आपल्या परीने मदत केलीच म्हणायची. एका सभेनंतर प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला त्यांच्या सुरक्षारक्षकांनी बेड्या घातल्या.

तरीही केवळ मनगटपट्ट्यांनी एक लाख लोक आडनाव लिहीत नाहीत. मिलर केंद्राचा खर्च कापण्याची भाषा करत होते, बेकारी भत्त्यालाही राज्यघटनेत आधार नाही असे म्हणत होते. हे अन्यत्र खपले असते. अलास्कात साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे, राजधानी जूनोला बाहेरून रस्ताच जात नाही, आणि शेकडो मैल आत वसलेल्या गावांची धावपट्टी, टपाल, दवाखाना हे सारे वॉशिंग्टनहून येणाऱ्या पैशावर चालते. चाळीस वर्षे हा पैसा आणणारे स्टीव्हन्स २००८ मध्ये हरले होते. आता मर्काउस्की यांची ज्येष्ठताही गेली तर उरणार काय, हा प्रश्न मूलनिवासी समाजाला सर्वांत आधी कळला. त्यांच्या महासंघाने मर्काउस्की यांना पाठिंबा दिला आणि त्या समाजाच्या मालकीच्या कंपन्यांनी स्वतंत्र प्रचारात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम ओतली. यात निखळ प्रेम होते असे मी म्हणणार नाही. कंपन्यांना सरकारी कंत्राटांची काळजी होतीच. शिवाय मिलर नकोत म्हणून आपल्या उमेदवाराला सोडून आलेले डेमोक्रॅटही होते. पण मतदाराला स्वतःचे हित कळणे याला मी दोष मानत नाही.

मतमोजणी जूनोत, एकेक कागद हातात घेऊन झाली. ‘के’च्या जागी ‘सी’, शेवटच्या ‘आय’ऐवजी ‘वाय’, अशा मतपत्रिका निघत होत्या आणि मिलर यांचे निरीक्षक त्यांवर आक्षेप घेत होते. हे वाचताना मला आमच्या तालुक्याच्या ठिकाणचे मोजणीचे टेबल आठवते. नोकरीत असताना, मतपत्रिकांच्या काळात, मी दोनदा त्या कामावर होतो. शिक्का अर्धवट उमटलेला, दोनदा मारलेला, रेषेला चिकटलेला असे आणि प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी टेबलावर वाकून ‘बाद, बाद’ म्हणत असे. आपल्या १९६१ च्या निवडणूक नियमांत मात्र स्पष्ट म्हटले आहे की मतदाराचा हेतू कळत असेल तर केवळ खूण अस्पष्ट आहे किंवा एकाहून अधिक वेळा केली आहे म्हणून मत बाद करू नये. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला हेच तत्त्व धरले. स्पेलिंग चुकले म्हणून मतदार चुकत नाही.

अंतिम आकडे असे: मर्काउस्की १,०१,०९१, मिलर ९०,८३९, डेमोक्रॅट उमेदवार स्कॉट मॅकॅडम्स ६०,०४५. आक्षेप घेतलेली आठ हजारांहून अधिक मते बाजूला काढली तरी आघाडी दोन हजारांवर उरत होती. बहुमत नव्हे, साडेएकोणचाळीस टक्केच. पण आठ वर्षांपूर्वी वडिलांनी लेकीला जे आडनाव पाहून जागा दिली, तेच आडनाव आता लाखभर लोकांनी पेन्सिलीने कागदावर उमटवले होते, आणि माझ्या लेखी त्या सिनेटर झाल्या त्या २००२ साली नव्हे, त्या दिवशी.

पुढे २०२० मध्ये अलास्काच्या मतदारांनी पक्षांतर्गत प्रायमरीच मोडीत काढली. सर्वांची मिळून एक प्रायमरी, त्यातून चार उमेदवार पुढे, आणि अंतिम मतदान पसंतीक्रमाने, अशी पद्धत आली. २०२२ मध्ये ट्रम्प यांच्या पाठिंब्याने केली शिबाका विरोधात उभ्या राहिल्या, आणि मर्काउस्की पसंतीक्रमाच्या अखेरच्या फेरीत जिंकल्या. या वेळी नाव मतपत्रिकेवर छापलेले होते.