द्राक्षांची फिल्म करून घेताना

आमची शेतकरी उत्पादक कंपनी निफाड तालुक्यातली. द्राक्षं पिकवायची, पॅकहाउसमध्ये भरायची, कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदराला रवाना करायचा, एवढ्यात आमचं वर्ष संपतं. फिल्म काढणं हा प्रकार कुणाच्या गावीही नव्हता. पण आमचे एक संचालक बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला जाऊन आले. फळं-भाज्यांच्या व्यापाराचं हे प्रदर्शन दर फेब्रुवारीत भरतं. तिथे पेरू-चिलीवाल्यांच्या स्टॉलवरचे मोठमोठे पडदे बघून आले आणि पुढच्याच मीटिंगला म्हणाले, ‘आपलीपण एक फिल्म पाहिजे. चार मिनिटांची, झकास.’ ठराव झाला, टाळ्या झाल्या आणि काम माझ्या टेबलावर येऊन पडलं. सर्टिफिकेटं, ऑडिट, बायरचे मेल मीच बघते. जे काम कुणाचंच नसतं तेही माझंच असतं.

पहिली अडचण कॅलेंडरची. आबा, म्हणजे आमचे चेअरमन, म्हणाले, ‘जानेवारीत शूटिंग, फेब्रुवारीत बर्लिन.’ आता माल आमच्याकडे जानेवारीत सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऑक्टोबर छाटणीपासून पॅकिंगपर्यंत सगळं दाखवायचं तर या हंगामात शूट करून पुढच्या फेब्रुवारीत दाखवावं लागणार. हे पटवण्यात दोन मीटिंगा गेल्या. पण एकदा पटल्यावर कंपनी निवडणं सोपं झालं, कारण अर्धे लोक तिथेच गळाले.

मुंबईच्या एका एजन्सीने सलग दोन दिवसांचं कोटेशन पाठवलं. डझनभर माणसं, जनरेटर व्हॅन आणि शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी मॉडेल. शेतकरी आमच्याकडे भरपूर आहेत, असं मी उलट कळवलं. तालुक्यातला लग्नाची शूटिंग करणारा पोरगा सगळ्यात स्वस्त होता, पण त्याच्या नमुन्यात ट्रॅक्टरसुद्धा स्लो मोशनमध्ये नवरदेवासारखा येत होता. आणखी एकाचा शोरील, म्हणजे आधीच्या कामांतले निवडक तुकडे जोडलेला नमुना, फार देखणा. मी एकेक तुकडा थांबवून विचारत गेले, ‘यात तुमचं काम कोणतं?’ शेवटी कळलं, की बहुतेक ठिकाणी त्याने फक्त ड्रोन उडवला होता. शोरील बघताना हा प्रश्न विचारायलाच हवा. सुंदर दिसतंय म्हणून ते समोरच्यानेच केलंय असं नसतं.

शेवटी नाशिकची एक छोटी कंपनी ठरली. दोन भागीदार, एक दिग्दर्शन बघणारा आणि एक कॅमेरा. एडिटिंगला एक मुलगी. कॅमेरा स्वतःचा, लाइट भाड्याचे. मी फोनवर रेट विचारला तर म्हणाले, आधी बाग बघू द्या. आले, चपला हातात घेऊन चिखलातून फिरले, कोणत्या महिन्यात बागेत काय चालतं ते वहीत उतरवून घेतलं. पॅकहाउसमध्ये दिग्दर्शक डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं काही कलात्मक चाललंय. मग म्हणाला, ‘मॅडम, हा कंप्रेसर बंद करता येतो?’ कोल्ड स्टोरेजचा कंप्रेसर हंगामात बंद करायचा म्हणजे माल फेकायचा. ‘मग मुलाखती इथे नको, आवाज वाया जाईल.’ दिसण्याआधी त्याने ऐकून बघितलं, तिथेच माझं मत झालं.

रक्कम मुंबईवाल्यांच्या निम्म्याहून कमी होती. तळाला बारीक अक्षरात ‘अधिक १८ टक्के जीएसटी’ होतं, ते संचालकांना मी ठळक करून दाखवलं. नाहीतर बिल आल्यावर ‘हे कधी ठरलं?’ सुरू होतं. जीएसटी नोंदणी नसलेला छोटा माणूस तो लावूच शकत नाही, त्यामुळे दोन कोटेशनं शेजारी ठेवताना हे आधी विचारून घ्यावं.

करारावर मात्र मी दिवस घालवले. त्यांच्या नेहमीच्या नमुन्यात एक ओळ होती, की फिल्मचे हक्क निर्मिती कंपनीकडे राहतील आणि आम्हाला ‘वापराची परवानगी’ असेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो. पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणजे त्या एका ओळीवर सही केली असती, की विषय संपला. मी ओळ दाखवली तर दिग्दर्शक ओशाळला. म्हणाला, नमुना कुठूनतरी उतरवलेला आहे, आम्हीपण नीट वाचलेला नाही. ओळ खोडली. बदल्यात प्रदर्शन झाल्यावर स्वतःच्या शोरीलमध्ये काही सेकंद वापरायची मुभा त्यांनी मागितली, ती रास्त होती. कच्चं फुटेज सहसा देत नाही म्हणाले. दोन हार्ड डिस्क आम्ही घेऊन दिल्या आणि एक आमच्या कपाटात राहील असं ठरलं. करेक्शनच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून वेगळे पैसे. ही अट त्यांची, पण तिचा फायदा मलाच झाला. तो पुढे सांगते.

ऑक्टोबरात पहिलं शूट. कॅमेरावाले दादा गाडीतून उतरले आणि विचारते झाले, ‘बाग कुठंय?’ समोर छाटलेल्या काड्या आणि तारा. त्यांना नुसते खांब दिसत होते. मजूर काड्यांवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, पेस्ट लावत होते, ते मात्र त्यांनी जवळून छान टिपलं. दिग्दर्शकाला एकाच घडावर कॅमेरा लावून ठेवायचा होता, म्हणजे मण्यांची महिन्यांची वाढ काही सेकंदांत दिसेल. संचालक मंडळ म्हणालं, त्याला जादा पैसे कशाला? तेव्हा त्याने सांगितलं, की १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना असंच एकेका फ्रेमने टिपलं होतं आणि ती एवढीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं होतं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं. त्र्यंबकचे म्हटल्यावर आबांनी विषय मंजूर केला. प्रत्यक्षात फवारणीचा ब्लोअर आला, की कॅमेऱ्यावर पिशवी चढवायची आणि नंतर काढायची, हे काम गड्याच्या लक्षात राहणार तेवढंच राहिलं. पिशवीतले आणि धुरकट फोटो वगळून जे उरलं त्यातून वीसेक सेकंद निघाले. पण ते सेकंद सुरेख आहेत.

विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायच्या वेळी वेगळाच प्रश्न. आमच्याकडे सुरगाणा, पेठकडून बायका येतात. काम एकरी ठेक्यावर. कॅमेऱ्यासाठी ‘परत एकदा करा, जरा हळू’ म्हटलं, की त्यांचा एकर मागे पडतो. एकीने तोंडावर विचारलं, ‘आमचा टाइम जातो त्याचं काय?’ बरोबर होतं तिचं. त्या टोळीला अर्ध्या दिवसाची हजेरी आम्ही वेगळी दिली. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, पण शेतात शूट करायचं तर धरून चालावा. संमतीपत्रं मराठीत करून मुकादमाने वाचून दाखवली. दोघींनी चेहरा नको म्हणून सांगितलं, त्यांचे फक्त हात घेतले.

डिसेंबर-जानेवारीत लटकलेले घड घ्यायला मंडळी पहाटे थंडीत कुडकुडत आली, तर अख्खी बाग वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उन्हाने आणि थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे घडांना कागद लावतात. पहिल्या पाहणीच्या वहीत हे कुणी लिहिलंच नव्हतं. आम्हाला सांगण्यासारखं वाटलं नाही, त्यांना विचारण्यासारखं. बागायतदार नाना दोन ओळी उघडून द्यायला कसेबसे तयार झाले. उघडल्यावर लाइट धरणारा पोरगा पुढे झाला आणि खिशातल्या रुमालाने मणी पुसायला लागला, चमक यावी म्हणून. नाना एवढ्या जोरात ओरडले, की पलीकडच्या बागेतले लोक बांधावर आले. मण्यावरचा तो पांढुरका थर म्हणजेच तर माल ताजा, हात न लागलेला असल्याची खूण. युरोपचा बायर चकचकीत मणी बघितला, की नाक मुरडतो. त्यात मण्यांवर दव दिसावं म्हणून दुसऱ्याच्या हातात पाण्याची स्प्रेची बाटली होती. तीही नानांनी काढून घेतली. काढणीच्या तोंडावर घडात पाणी कोण मारू देईल? मग जे होतं तेच घेतलं: वर्तमानपत्र बाजूला होतंय, आतून घड दिसतोय. हा शॉट कुणी ठरवलेला नव्हता.

ड्रोनसाठी ओझरचा विमानतळ लक्षात घ्यावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत (विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत) परवानगी लागत नाही. आम्ही हिरव्यातला प्लॉट निवडला. तरी ड्रोनवाल्याकडून ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि पायलटचं सर्टिफिकेट मी आधी मागून घेतलं. धंद्यासाठी अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायला सर्टिफिकेट लागतंच.

पॅकहाउसचं शूट मार्चमध्ये झालं. माल गार करायच्या प्रीकूलिंगच्या खोलीतून कॅमेरा बाहेर आणला, की लेन्सवर बाष्प धरायचं आणि पुसत बसावं लागायचं. दादांनी मग कॅमेरा पिशवीत गुंडाळून बाहेर आणायला सुरुवात केली. बाकी सगळं सुरळीत वाटलं. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, आला तेव्हा खरी मारामारी झाली.

रफ कटमधला सगळ्यात सुंदर शॉट असा होता: खिडकीतून तिरपा प्रकाश, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला हात घड अलगद उचलून पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, ठेवतोय. बांगड्या हिरव्या, मणी हिरवे. संचालक ‘वा!’ म्हणाले. मी म्हटलं, हा काढा. पॅकहाउसमध्ये बांगडी चालत नाही. ऑडिटला आम्ही बायकांच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायला लावतो, आणि फिल्ममध्ये तेच दाखवायचं? बायरचा क्वालिटीवाला माणूस प्रकाश नाही बघणार, काच बघणार. त्या दिवशी त्या बाईची बांगडी कुणाच्या लक्षात कशी आली नाही, ते आमच्या सुपरवायझरशी माझं वेगळं झालं. दिग्दर्शक हटून बसला: हाच फिल्मचा प्राण आहे, जरा कवितेला जागा द्या. मी म्हटलं, कविता बागेत करा. तिथे बांगड्यांना बंदी नाही. एडिटिंगवाल्या मुलीने वाद मिटवला. कच्च्या फुटेजमधून विरळणीच्या बाईचा कात्री धरलेला हात तिने शोधून काढला, त्यातही बांगड्या होत्या. प्रकाश तितका चांगला नव्हता, पण शॉट शोभला. मग मी अख्खा कट एकेका फ्रेमने बसून बघितला. फवारणीत एक गडी हातमोज्यांशिवाय होता, तो गेला. एका टोपीबाहेर केसांची बट होती, तीही गेली. हे काम फिल्मवाल्यांचं नाही. त्यांना यातलं कळावं अशी अपेक्षाही चूक आहे. ते आपणच करायचं.

बाकी सूचना मजेशीर. प्रत्येक संचालकाला स्वतःचा प्लॉट हवा होता. कुणाला शेवटी सगळ्यांचा फोटो, कुणाला सुरुवातीला देवाचं जुनं प्रसिद्ध गाणं. गाण्याचं मी तिथेच तोडलं: रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, गीत-संगीताचे वेगळे, गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं ते टिकतात. विकत मिळणाऱ्या संगीतातून एक तुकडा घेतला आणि लायसन्स आमच्या कंपनीच्या नावाने काढायला लावलं. आणि दोनच फेऱ्यांची अट इथे कामी आली. मी सगळ्यांना सांगितलं, तिसऱ्या फेरीचे पैसे ज्याची सूचना त्याच्या मानधनातून. एका कागदावर मिनिट-सेकंदासह सगळं लिहून एकदाच पाठवलं. व्हॉट्सॲपवर परस्पर सूचना धाडायच्या नाहीत, हे आबांकडून वदवून घेतलं.

व्हॉइसओव्हर इंग्रजी, पण बागायतदार मराठीतच बोलतात आणि खाली सबटायटल. दिग्दर्शकाचा हा आग्रह योग्य होता. नानांचा आवाज डब केला असता तर ते कुणीही असते.

बर्लिनला स्टॉलवर आवाज बंद ठेवूनच फिल्म लागली. गोंगाटात कोण ऐकतं? थांबून विचारणारे मात्र बहुतेक कागदाबद्दल विचारत होते: हे घड पेपरात का गुंडाळलेत, काढता कधी? आल्यावर आम्ही तेवढ्याच भागाची एक मिनिटाची वेगळी फिल्म कापून घेतली, सबटायटल मोठ्या अक्षरात, आणि तिचे पैसे वेगळे दिले. कच्चं फुटेज कपाटात होतं म्हणून ते झालं.

शेवटचा हप्ता मात्र रखडला. चेकवर दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही ज्या संचालकांची, त्यांचा प्लॉट फिल्ममध्ये आलेला नव्हता. ते रोज ‘बघू’ म्हणत होते. आबांनी शेवटी फोन केला तेव्हा सही झाली. यंदा छाटणीला हीच मंडळी परत येणार आहेत, नवीन वाणाच्या बागेसाठी. पहिला कॅमेरा कुणाच्या प्लॉटवर लावायचा, ते करार करायच्या आधीच मी ठरवून ठेवलंय.