एकाच आईच्या दोघी, एकच सराव

दोघी बहिणी, मोठी ३८ वर्षांची, धाकटी ३५ची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी एकाच कोचकडे, एकाच वेळापत्रकानं ४ महिने पळत होत्या. सरावाआधीची चाचणी आमच्याच लॅबमध्ये झाली होती, आज दुसरी. ट्रेडमिल, तोंडावर मास्क, प्रत्येक टप्प्याला बोटातून रक्ताचा थेंब.

मोठीचं व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर दर मिनिटाला वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा, ३४ वरून ४० वर गेला. धाकटीचा ३५ होता, ३५च राहिला. मी मशीनचं कॅलिब्रेशन तपासलं, मग दोघींच्या डायऱ्या. दांड्या मारलेल्या होत्या त्या मोठीनंच!

धाकटीनं पर्समधून डीएनए चाचणीचा अहवाल काढला. पीपीएआरजीसी१ए या जनुकात बदल, त्यामुळे प्रथिनात ४८२व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन, आणि शेजारी लाल अक्षरांत ‘कमी प्रतिसाद’. “डॉक्टर, माझे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतले ऊर्जेचे कारखानेच, नाठाळ आहेत,” ती म्हणाली आणि सोबत आलेल्या आईकडे वळली. “हे आईकडून येतात ना? मग ताईला चांगले दिलेस आणि मला उरलेसुरले?”

आई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

आरोप खोटा होता, पण प्रश्न झकास. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, म्हणूनच तो या दोघींत जवळपास सारखा असणार. त्यात जनुकं अवघी ३७, त्यांतून प्रथिनं बनतात १३. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकी हजाराहून अधिक प्रथिनं पेशीकेंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. ती जनुकं आईवडील दोघांकडून येतात आणि प्रत्येक भावंडाच्या वाट्याला त्यांची वेगळी सरमिसळ येते. व्यायामानंतर नवे मायटोकॉन्ड्रिया बांधायची कामं सुरू करून देणारं पीजीसी-१ अल्फा हे प्रथिनही त्यातलंच. अहवालातलं जनुक त्याचंच, आणि ते आहे चौथ्या गुणसूत्रावर.

“म्हणजे ह्यांनाही विचारा की,” आई लगेच म्हणाल्या. ‘हे’ खाली पार्किंगला जागा शोधत होते.

मला खरं नवल वाटलं ते लॅक्टेटचं, म्हणजे स्नायूंवर जोर पडला की रक्तात साठत जाणाऱ्या पदार्थाचं. त्याच वेगाला तो जितका कमी तितकं बरं. ताशी ८ किलोमीटरच्या वेगाला धाकटीचं लॅक्टेट आधी ४.१ होतं, आता २.६. मोठीपेक्षाही जास्त उतरलेलं. म्हणजे नाठाळ ठरवलेल्या स्नायूंनी सराव चांगलाच मनावर घेतला होता. १९६७ साली जॉन हॉलोझी या संशोधकानं उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. व्हीओटू मॅक्स काही तसं दुप्पट होत नाही, कारण तिथे बहुतेकदा हृदय किती रक्त पुढे ढकलतं यावर गाडी अडते. धाकटीचंही तिथेच अडलं असावं. मायटोकॉन्ड्रियाचा थेट हिशोब हवा तर स्नायूचा तुकडा काढावा लागतो. हौसेनं पळणाऱ्या बाईची बायोप्सी मी करणार नाही.

एकाच सरावाला वेगवेगळा प्रतिसाद मिळणं यात नवीन काही नाही. क्लॉड बुशार्ड यांच्या हेरिटेज अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं २० आठवडे देखरेखीखाली सायकल मारत होती. सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास, पण कुणाची जवळजवळ शून्य तर कुणाची लिटरभर. या फरकात घराण्याचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्के निघाला. घराण्याचा म्हणजे डीएनएतल्या कुठल्या एका अक्षराचा नव्हे. अहवाल छापणाऱ्यांनी एका बदलावरून लाल शिक्का मारला, हा मला आगाऊपणा वाटतो.

शिवाय प्रतिसाद न देणं हे कपाळावर लिहिलेलं नसतं. २०१७ साली मोन्तेरो आणि लुंडबी या संशोधकांनी ज्यांची क्षमता वाढली नव्हती त्यांना आठवड्याला आणखी २ सत्रं दिली, आणि मग सगळ्यांचीच वाढली.

“म्हणजे ताई ४ दिवस पळणार, दांड्या मारणार, आणि मी ६ दिवस?”

“हो.”

“हा शुद्ध अन्याय आहे.”

आहेच. पण वाढीव २ दिवस नुसतं रमतगमत पळायचं नाही, असं मी कोचना फोनवर सांगितलं. एक दिवस पुण्यातल्या तळजाई टेकडीवर ४-४ मिनिटांचे जोरकस चढ, मध्ये हळूहळू उतरणं, म्हणजे हृदयावरही काम पडेल. दुसरा दिवस हलका. आणि शर्यतीत यवतेश्वरचा घाट लागेल तेव्हा तिनं ताईच्या मागे फरफटत जायचं कारण नाही. तासभराहून जास्त चालणाऱ्या चढाला कुणी व्हीओटू मॅक्सच्या टोकावर पळत नाही, तिथे तिचं लॅक्टेटचं ते २.६च उपयोगी पडणार आहे.